कवडूजींचं शिंगरू

ज्या माणसाच्या स्वतःच्या घरचं जनावर एक दिवस जागेवर राहिलं नाही, त्याच्याच हाती गावाचा कोंडवाडा असावा, याचं आमच्या गावात कुणाला काही वाटत नसे. वाटायला लागलं ते फार उशिरा, आणि तेसुद्धा एका लाकडी बैलाचा अपमान झाला तेव्हा.

वर्ध्याहून केळझरकडे जाणाऱ्या सडकेवरचं ते गाव. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. मला मिळालेल्या खोलीची एकुलती एक खिडकी कोंडवाड्यावर उघडत असे. त्यामुळे गावातल्या माणसांच्या आधी माझी ओळख गावातल्या उनाड गुरांशी झाली आणि त्यांच्यामार्फत कवडूजी भोयरांशी.

कवडूजी म्हणजे कोंडवाड्याचे राखणदार. पण त्यांना राखणदार म्हटलेलं खपत नसे. "मी कोंडवाडा पाह्यतो," असं ते सांगत, आणि ते अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं, हे जिल्हाच पाहतात. अंगात बाराही महिने खाकी कोट. जुन्या अमदानीत कुठल्याशा साहेबाने दिलेला. त्याचं वरचं बटण कधीकाळी पडलं होतं आणि ते काज रिकामंच असे. अनसाबाई, म्हणजे त्यांची बायको, दुसरं बटण लावायला निघाली की ते अडवत. "सरकारी बटन होतं ते. त्याच्या जागी बाजारचं नाई चालत."

कोंडवाड्याला कमरेच्या वर आलेली दगडी भिंत होती आणि फाटकाच्या जागी दोन खांबांच्या भोकांतून आडव्या सरकवलेल्या तीन बल्ल्या. कुणी परक्याच्या वावरात शिरलेली गाय हाकलत आणली की कवडूजी खालच्या दोन बल्ल्या काढत, वरची तशीच ठेवत आणि गायीला वाकून आत जायला लावत. "या बाई, बसा," असं तिला म्हणत. मग आणणाऱ्याकडे वळून, "कायदा म्हंजे कायदा, जी." सख्ख्या भावाचा बैल त्यांनी दोनदा कोंडला होता. भाऊ बोलेनासा झाला, तेव्हा ते म्हणाले, "बैल तं बोलते ना मले."

त्यांच्या नावाची गोष्ट ते स्वतःच सांगत. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत. म्हणून हे जन्मले तेव्हा आईने त्यांना सुइणीला एका कवडीत विकून टाकलं. मूल आपलं राहिलं नाही, दुसऱ्याचं झालं, म्हणजे त्याला नजर लागत नाही असा समज. सुइणीने कवडी दिली आणि मूल सांभाळायला परत आईच्याच ओटीत टाकलं. "मी अजून सुइनीचाच हावो," कवडूजी म्हणत. "मायनं इकलं म्हनून वाचलो."

शिंगरू त्यांच्याकडे आलं तेही विकण्याच्याच घोळातून. वर्ध्याला एक फाटकी सर्कस आली होती. ती चांद्याकडे निघून गेली आणि आठवड्याने कुणाच्या तरी ज्वारीत हे पिंगट रंगाचं, माझ्या मांडीला लागेल एवढं घोडं सापडलं. कोंडवाड्यात दाखल झालं. त्याला न्यायला कुणी आलं नाही. मुदत संपली की लिलाव करायचा असा नियम, आणि लिलाव पुकारायचे कवडूजीच. गावातले चार रिकामटेकडे जमले, हसले, पण बोली कुणी केली नाही. कवडूजींना तर ते पहिल्या दिवसापासून हवं होतं. पुकारणाऱ्याने बोली करायची नाही हाही नियम. ते "एक वार, दोन वार" म्हणत थांबले, पुन्हा म्हणत थांबले. तेवढ्यात अनसाबाई दारात आली आणि तिने जेवायला चला म्हणून हात वर केला.

"तीन वार!" कवडूजी ओरडले.

"अजी, मी भाकर झाली म्हनून सांगाले आली," अनसाबाई म्हणाली.

"हात वर झाला. बोली झाली. कायदा म्हंजे कायदा."

अशा रीतीने अनसाबाई घोड्याची मालकीण झाली. ती हे पुढे कायम सांगत असे आणि प्रत्येक वेळी हात तेवढाच वर करून दाखवत असे.

कवडूजींनी त्याच्यात काय पाहिलं होतं, ते त्यांच्या अंगणात गेल्यावर कळे. तिथे कडुनिंबाखाली सासऱ्याने दिलेली एक रेंगी, म्हणजे दोघांपुरती हलकी गाडी, वर्षानुवर्षं उभी होती. तिला जोडायला जनावर नव्हतं. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. कवडूजींचा हिशेब असा की हे शिंगरू आहे, वाढेल, घोडा होईल, मग रेंगीला जोडायचं आणि खाकी कोट घालून तालुक्याला जायचं. त्याचं नावही त्यांनी दुसरं ठेवलं नाही. शिंगरूच. भिजवलेले हरभरे, गूळ, कोवळा कडबा, जे स्वतःच्या ताटात नसे ते त्याच्यापुढे. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, "वाढलं ना जी थोडसं?" गावातले लोक भले. ते म्हणत, "हो, पाठीकडून वाढलं."

पोळा आला, गेला. पुन्हा आला. शिंगरू होतं तेवढंच राहिलं.

शेवटी गुरांचे डॉक्टर गावात लस टोचायला आले होते, त्यांच्यापुढे कवडूजींनी ते उभं केलं. डॉक्टरांनी ओठ वर करून दात पाहिले.

"कवडूजी, हे शिंगरू नाही. चांगला सात-आठ वर्षांचा घोडा आहे. जातच बुटकी. जेवढा व्हायचा तेवढा होऊन गेला."

कवडूजींनी त्याचा ओठ हलकेच खाली केला. "डाक्टरसायेब, तुमी दात पाह्यले. उमेद नाई पाह्यली."

आणि दुसऱ्या दिवशीपासून हरभऱ्याचं प्रमाण वाढलं. मी एकदा भीत भीत डॉक्टरांचं म्हणणं आठवून दिलं, तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या शाळेत तीन साल एकाच वर्गात बसलेले पोट्टे नाई काय? त्यायले तुमी मास्तर म्हनता काय?"

घोडा म्हणा, शिंगरू म्हणा, त्याला एकच नाद होता. उडी. आडवं काही दिसलं की त्याचे कान उभे राहत. भिंत, बाज, पाण्याची डोणी, वाळत घातलेलं लुगडं, त्या सगळ्यावरून ते जायचंच. पलीकडे काही खायला असायला हवं असंही नाही. बहुतेकदा पलीकडे काहीच नसे. कोंडवाड्याच्या फाटकावरून तर ते इतक्या सहज जाई की आत कोंडलेल्या म्हशी माना वळवून पाहत राहत. आणि सर्कशीची सवय म्हणा, उडी मारली की ते तिथेच थांबे आणि मागे वळून बघे. कुणीतरी "शाबास" म्हणेपर्यंत हलत नसे. कुणीच म्हटलं नाही, तर आपलीच काही चूक झाली असं समजून पुन्हा आत उडी मारी आणि पुन्हा बाहेर.

मी सकाळी खिडकीत दाढी करायला बसलो की हा सोहळा रोज पाहत असे. गावाची गुरं बाहेर पडू नयेत म्हणून नेमलेला माणूस, अंगात खाकी कोट, फाटकाशी उभा राहून बाहेर पडलेल्या जनावराला म्हणत असे, "शाबास बेटा."

तक्रारी येत. शिंगरू नर होतं, आणि उंचीबद्दल त्याच्या मनात कसलाही न्यूनगंड नव्हता. मोटारस्टँडवरच्या टांगेवाल्याची घोडी त्याच्या दुप्पट. तरी ते कुंपणावरून उडून तिच्यापुढे मान ताठ करून उभं राही. घोडी त्याला हुंगून दुसरीकडे तोंड करी. टांगेवाला मात्र चिडला. डॉक्टरांनी उपाय सांगितला : खच्ची करा, उड्या आपोआप जातील.

"उड्या गेल्या तं त्याच्यात राह्यलं काय?" कवडूजी म्हणाले.

अनसाबाई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "लगन झाल्यावर तुमच्या नाई गेल्या काय? तरी राह्यलेच ना तुमी."

पण हसण्यावारी न्यायचे दिवस तान्ह्या पोळ्याला संपले. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो. खरे बैल नसतात, लाकडी नंदी असतात, चाकं लावलेले. मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण पोरांच्या उंचीला धरतात. पहिला मान ज्याचा, त्याचा नंदी त्या तोरणाखालून आधी जायचा. मान अर्थातच सरपंच बापूरावजींच्या नातवाचा. त्या वर्षी त्यांनी नंदी नागपुरी कारागिराकडून करवून आणला होता, पितळी शिंगांचा. बापूरावजी जरीचा फेटा बांधून नातवाच्या मागे उभे. वाजंत्री सुरू झाली, नातवाने दोरी ओढली, आणि कुठून आलं कोण जाणे, शिंगरू नंदीवरून, नातवावरून आणि तोरणावरून एका झेपेत पलीकडे गेलं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शिंगरू पलीकडे थांबलं आणि मागे वळून बघायला लागलं. गावातल्या झाडून सगळ्या पोरांनी टाळ्या पिटल्या. त्याला आजवर एवढी शाबासकी एकदम कधी मिळाली नव्हती. ते परत उडून इकडे आलं. टाळ्या थांबेनात, ते थांबेना. त्या गडबडीत पितळी शिंगांचा नंदी कलंडला आणि कुणीतरी पोरगं ओरडलं, "पैला नंबर शिंगराचा!"

दुसऱ्या दिवशी पंचायत बसली. पहिला मान घोड्याने घेतला, ही गावाची बेअब्रू आहे, असं बापूरावजींचं म्हणणं. कवडूजी कोटाची बटणं लावून उभे राहिले.

"सरपंचसायेब, तोरन तुटलं काय?"

"नाई तुटलं."

"मान कोनाचा? जो खालून जाते त्याचा. हे तं वरून गेलं. वरून जानाऱ्याचा काय मान? कावळा बी जाते वरून. तुमचा मान जसाच्या तसा हाये, जी."

पंचांपैकी दोघांना हे पटलं, आणि तीच मोठी अडचण झाली. बापूरावजींचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी निकाल दिला तो साधा होता. दिवाळीपर्यंत घोडा खच्ची करा, नाहीतर गावाबाहेर घालवा. दोन्ही जमत नसेल तर कोंडवाडा दुसऱ्याच्या ताब्यात देऊ. ज्याचं घरचं जनावर आत राहत नाही त्याने गावाची जनावरं कशी राखायची? हा प्रश्न गावात प्रथमच विचारला गेला, आणि तो बिनतोड होता.

कवडूजी घरी आले आणि रेंगीच्या धुरेवर बसून राहिले. कोट गेला तर आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि उडी गेली तर शिंगरू कोण, हेही त्यांना सांगता येत नव्हतं. राहता राहिला एक मार्ग. जागा शोधायची.

पुढचे रविवार मी त्यांच्याबरोबर हिंडलो. लोक मुलीसाठी स्थळं बघतात तशी त्यांनी शिंगरासाठी बघितली. वर्ध्याच्या एका सेठजीला नातवंडांसाठी घोडा हवा होता. बंगला, हौद, नोकर, सगळं होतं. कवडूजींनी आधी जाऊन कंपाउंडची भिंत पाहिली. वर काचा बसवलेल्या होत्या.

"ह्या कोनासाठी, सेठजी?"

"चोरांसाठी."

"आमचं चोर नाई. पन ते काचायले कोन सांगन?" असं म्हणून ते चहा न घेता उठले. येताना मोटारीत मला म्हणाले, "पोट चिरलं असतं, गुरुजी."

मग एकदा भूदानाचे कार्यकर्ते गावात आले. पायी हिंडणारा, खादीतला एक तरुण शाळेच्या ओट्यावर बसून जमिनीबद्दल बोलत होता. कवडूजी शिंगराला घेऊन पुढे झाले.

"जमीन असती तं कोंडवाडा कायले पाह्यला असता? माह्याजवळ हे हाये. लिवून घ्या."

तरुण गोंधळला. "पण आम्ही पायी चालतो."

"हे बी पायीच चालते. मंधामंधात उडते."

तरुण हसला. बिचारा मनाने चांगला होता. म्हणाला, पवनारच्या आश्रमात विचारून पाहतो, तिकडे माणसं हाताने भाजीपाला पिकवतात, वाफे आहेत. वाफे म्हटल्यावर कवडूजींनी दोरी मागे घेतली. "मंग राहू द्या. ते मानसं रागावनार नाईत, अन् हे सुधरनार नाई. उगाच त्यायच्या शांतीची परीक्षा नको."

दिवाळी तोंडावर आली तशी अनसाबाईने हात वर करून दाखवणं बंद केलं.

स्थळ चालून आलं ते आठवडी बाजारात. केळझरच्या पलीकडे रानाच्या काठाला गोंडांची आठ-दहा घरं होती. तिथली पार्बताबाई मडावी डोक्यावर सीताफळांची टोपली घेऊन बाजाराला येई. एकटी बाई, मूलबाळ नाही. तिने शिंगराकडे बराच वेळ पाहिलं आणि त्याच्या पाठीला हात लावला. हात सरळ पोचला.

"मोठ्या घोड्यावर टोपलं लादाले दुसरं मानूस लागते," ती म्हणाली. "याच्यावर मी एकटी लादीन."

इतक्या वर्षांत शिंगराच्या उंचीबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं कवडूजींनी प्रथमच ऐकलं. त्यांनी घाईघाईने विचारलं, "कुंपन केवढं हाये?"

"कुंपन कायले? नाई कुंपन."

"अन् हे टांगेवाल्याच्या घोडीवर जाते."

"आमच्याकडं टांगा नाई अन् घोडी नाई."

स्थळ जमलं. पण घरी येताना कवडूजी अस्वस्थ. मला म्हणाले, "कुंपन नाई म्हनते. मंग ते उडन कशावरून?"

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. पुढे शिंगरू, मागे मी, आणि सगळ्यांत मागे कवडूजी. त्यांच्या खांद्यावर कोंडवाड्याच्या फाटकाची वरची बल्ली.

"कवडूजी, ही सरकारी आहे," मी म्हणालो.

"आंदन हाये, जी. लेक रिकामी धाडतात काय?"

बस्स. कायदा म्हंजे कायदा हे त्यांनी त्या दिवशी एकदाही म्हटलं नाही.

वस्तीवर पोचल्यावर पार्बताबाईने पाणी दिलं. किंमत विचारली. तिच्या कमरेच्या बटव्याला कवड्या शिवलेल्या होत्या. कवडूजी त्याच्याकडे बघत म्हणाले, "एक कवडी दे." ती हसली, पण त्यांचा चेहरा पाहून थांबली. दोरा दातांनी तोडून तिने एक कवडी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. मूल वाचावं म्हणून त्यांच्या आईने जे केलं तेच ते करत होते, हे मला तेव्हा समजलं.

मग तिने सहज विचारलं, "केवढं होईन जी हे?"

कवडूजी शिंगराच्या मानेवर हात ठेवून उभे होते. "एवढाच," ते म्हणाले. "घोडा हाये, बाई, हा. पुरा घोडा. आता वाढत नाई."

रेंगी, कोट, तालुका, सगळं त्यांनी त्या एका वाक्यात सोडून दिलं. बाईला फसवून द्यायचं नव्हतं, एवढ्यासाठी. मी तिकडे पाठ फिरवली.

मोकळ्या जागेत त्यांनी दोन बेचक्या रोवल्या आणि त्यांच्यावर बल्ली आडवी ठेवली. सबंध रानात अडवणारं तेवढंच. घोड्याचे कान उभे राहिले. तो धावत गेला, उडाला, पलीकडे उतरला आणि मागे वळून बघत थांबला. कवडूजींनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"तू म्हन, बाई," ते पार्बताबाईला म्हणाले. "शाबास म्हन. थांबून राह्यला तो."

ती तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. दोनच शब्द. घोड्याने कान हलवला, मान खाली घातली आणि चरायला लागला.

"समजलं त्याले," कवडूजी म्हणाले. त्यांना आनंद झाला होता, आणि वाईटही वाटलं होतं, आणि दोन्ही लपवण्याइतका तो कोट मोठा नव्हता.

पुढे माझी बदली आर्वीकडे झाली. काही वर्षांनी मोटारीने त्या वाटेने जात होतो, तेव्हा चाक पंक्चर झालं म्हणून गाडी गावातच थांबली. मी उतरून कोंडवाड्यापर्यंत गेलो. कवडूजी होते. वाकले होते. अंगात तोच कोट, पण वरच्या काजात आता काहीतरी पांढरं दिसत होतं. जवळ गेल्यावर कळलं, बटणाच्या जागी कवडी शिवली होती.

फाटकाला एकच बल्ली होती, सगळ्यांत खालची. गुडघ्याएवढी.

"वरची तर आंदण गेली," मी म्हणालो. "मधली काय झाली?"

"काढून ठेवली, जी." ते केळझरच्या सडकेकडे बघत होते. "आला कधी, तं त्याले जड जाईन. वय झालं ना आता घोड्याचं."

त्यांच्या पाठीमागे कोंडलेली एक बकरी हलकेच बल्लीवरून उडाली आणि बाहेर आली. कवडूजींनी वळून पाहिलं नाही. सडकेवरची नजर न काढता, सवयीने, ते म्हणाले, "शाबास बेटा."